मोटरच्या मिनिटांचा आकडा मेममध्येच ठेवावा का?

तारकरी: टास्मोटाच्या (वायफाय स्विचमध्ये भरायचं मुक्त फर्मवेअर) रूलमध्ये, म्हणजे «हे झालं की ते कर» अशा सूचनांमध्ये, आपले आकडे ठेवायला दोन जागा आहेत. व्हार१ ते व्हार१६ वीज गेली की पुसले जातात. मेम१ ते मेम१६ फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) लिहिले जातात, म्हणून टिकतात. टाकीची मोटर किती मिनिटं चालली हा हिशेब लोडशेडिंगनंतरही हवा असेल, तर मेमला पर्याय नाही.

अॅड१ ही बेरजेची कमांड फक्त व्हारवर चालते. म्हणून बूट होताच मेम१ व्हार१ मध्ये भरायचा आणि मोटर चालू असेपर्यंत रूलटायमर१ ६० (सेकंद) लावून दर मिनिटाला अॅड१ १. इथे बरेच जण फसतात: बॅकलॉगमध्ये (अनेक कमांड एकामागून एक चालवणारी कमांड) «अॅड१ १; मेम१ %व्हार१%» असं एकाच ओळीत लिहिलं, की मेममध्ये एकने कमी आकडा जातो. बेरीज व्हायच्या आधीच %व्हार१% च्या जागी जुनी किंमत बसलेली असते. व्हार१#स्टेटवर, म्हणजे व्हार१ मध्ये नवी किंमत आली की चालणारा, वेगळा ट्रिगर लावून तिथे मेम१ %व्हॅल्यू% लिहा.

शेवगा: असहमत. रोज तासभर मोटर म्हणजे ६० वेळा लेखन, वर्षाला जवळपास २२ हजार. फ्लॅशचा एक सेक्टर साधारण लाखभर वेळा पुसता येतो आणि सेटऑप्शन१२ ही सेटिंग शून्यावर असेल तर लेखन सेक्टर बदलून होतं, म्हणून मोटरपुरतं निभावेल. पण हाच रूल उचलून लोक दर १० सेकंदांच्या सेन्सरला लावतात. तिथे दिवसाला ८,६४० होतात! त्यापेक्षा मोटर बंद होताना पब्लिश२ ने आकडा ब्रोकरवर (उपकरणांचे एमक्यूटीटी संदेश पोहोचवणारा सर्व्हर) रिटेन करा, म्हणजे तिथे जपून ठेवा, उपकरणाच्याच कमांड टॉपिकवर (ज्या पत्त्यावर ते कमांड ऐकतं). जोडणी झाली की तो आपोआप व्हार१ मध्ये येतो. फक्त व्हार१#स्टेटवरून पब्लिश करू नका; स्वतःचाच संदेश परत येतो आणि रूल गोल गोल फिरत राहतो.

तारकरी: मोटर चालू असतानाच वीज गेली तर «बंद»चा ट्रिगर येतच नाही, मग ती सगळी मिनिटं गेली. शिवाय मॉस्किटो हा ब्रोकर चालवणारा रास्पबेरी पाय (छोटा संगणक) त्याच लाईनवर असतो. पर्सिस्टन्स (संदेश डिस्कवर जपणं) चालू असला तरी ऑटोसेव्ह मुळात १८०० सेकंदांचा आहे, त्याआधी वीज गेली तर नवा आकडा डिस्कवर नसतो.

रिलेवाला: लेखनाच्या संख्येपेक्षा मेममध्ये काय ठेवता ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टाकीची पातळी, कमाल मिनिटं अशा मर्यादा बेलाशक ठेवा. «मोटर चालू आहे» हा झेंडा (चालू १, बंद ०) मात्र मेम२ सारख्या जागी कधीच नको. पंपाला पॉवरऑनस्टेट ० (वीज परत आली तरी रिले बंदच) हवाच. मग वीज आल्यावर रिले बंद आणि मेम२ मात्र १, असं होतं. रूलला वाटतं मोटर चालूच आहे, आणि टाकी कोरडी राहते. मोटरची अवस्था पॉवर१#स्टेटवरूनच (रिलेची खरी स्थिती) घ्या. (आणि १ एचपीची मोटर थेट १० अँपिअरच्या सोनऑफ वायफाय स्विचवर नको, मधे कॉन्टॅक्टर (जड लोडचा स्विच) घाला.)

शेवगा: झेंड्याबाबत शंभर टक्के सहमत. आकड्याबाबत अजून नाही.

तारकरी: झेंड्याचं मान्य. आकड्यासाठी व्हार१#स्टेटचा ट्रिगर काढून टाका, मोजणी व्हार१ मध्ये दर मिनिटाला राहू द्या आणि रूलटायमर२ ३०० वर, तसंच मोटर बंद होताना, मेम१ %व्हार१% लिहा. बंद होताना दोन्ही टायमर शून्य करायला विसरू नका. तासाला १२-१३ लेखनं होतील आणि वीज गेली तर फार तर ५ मिनिटं बुडतील.

शेवगा: हे चालेल. पण सेव्हडेटा ही सेटिंग ० करून ठेवलेली असेल तर मेम आपोआप लिहिला जात नाही, ते आधी तपासा.