माउस बंद पडला, नुसत्या कीबोर्डवर काम कसं उरकायचं?

वाशी_सेक्टर१७: विंडोज १०. नवा माउस उद्याच मिळेल, एक्सेलची शीट आज द्यायचीय. राइट-क्लिक कसं करू?

घोडबंदरकर: शिफ्ट+एफ१०. लॅपटॉपवर आवाज कमीजास्त झाला तर सोबत एफएनही दाबा. एक्सेलमध्ये ऑल्ट दाबून सोडा, रिबनवर (वरच्या मेनूपट्टीवर) अक्षरं उमटतात. मग एच, ओ, आय: कॉलम मजकुराएवढा रुंद होतो. एकामागून एक दाबा, एकदम नाही. तिथेच बहुतेक जण फसतात.

ऐरोलीकर: स्क्रीनवरचं एखादं बटण टॅब कीला दादच देत नसेल तर डावा ऑल्ट+डावा शिफ्ट+नम लॉक, विचारलं की ‘येस’. नंबरपॅडच्या ८, २, ४, ६ ने बाण सरकतो, ५ ने क्लिक. सरकतो मात्र गोगलगायीसारखा.

वाशी_सेक्टर१७: ५ ने क्लिक झालं!