हार्ले डब्ल्यूएलए १९४२: सीट पोस्ट अडकतोय आणि खाली आपटतोय, जाड स्प्रिंगा टाकू का?

डिस्पोजल४५

नमस्कार मंडळी. गाडी १९४२ची डब्ल्यूएलए (हार्लेची लष्करी मोटरसायकल), ७४० सीसी. सीट पोस्ट (सीटखालचा स्प्रिंगवाला दांडा) मूळचाच दिसतो. तक्रारी तीन आहेत. गतिरोधकावरून उतरताना सीट ठक्कन खाली आपटते. हाताने सावकाश दाबली तर मध्येच अडकते आणि मग एकदम सुटते. शिवाय बसल्यावर सीट डावीकडे कलते. वजन ९२ किलो. फ्रेमचं सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग अलीकडेच झालंय. स्प्रिंगा जाड तारेच्या वळवून घ्यायचा विचार आहे. तार किती मिमीची घ्यावी? आणि पोस्ट बाहेर काढायची पद्धत काय?

लेथ_आणि_लोखंड

तारेचं नंतर बघू. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी स्प्रिंगच्या नाहीतच. आत्ता स्प्रिंगा बदलल्या तर दुखणं रेड्याला नि डाग पखालीला असं होईल.

या फ्रेमला मागे सस्पेन्शन नाही. हार्लेने १९१२ पासून सीटखालच्या उभ्या नळीत स्प्रिंग घालून ती उणीव भरून काढली. सीटची पट्टी पुढे बिजागरीवर फिरते आणि मागे पोस्टवर टेकते. पोस्टचं काम फक्त वर-खाली होण्याचं. सीटला बाजूला हलू न देणं हे पुढच्या बिजागरीच्या बुशचं (बोल्टभोवतीच्या धातूच्या नळकांडीचं) काम. तो बुश खाल्ला की सगळा आडवा जोर पोस्टवर येतो, नळीचं तोंड अंडाकृती व्हायला लागतं आणि पोस्ट तिरका होऊन अडकतो. म्हणून पहिली तपासणी अशी करा: पोस्ट आणि सीटपट्टी जोडणारी पिन काढा, सीट मोकळी करा आणि मागचं टोक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. मागच्या टोकाला ३-४ मिमीपेक्षा जास्त खेळ असेल तर बुश आणि बोल्ट दोन्ही बदला. नुसता बुश बदलून जुना झिजलेला बोल्ट परत घातला तर खेळ लवकरच परत येतो.

आता पोस्ट काढायचा कसा. गाडी मागच्या स्टँडवर घ्या. सीट मोकळी करून पुढे उलटवा. सीटच्या नळीच्या खालच्या टोकाला, फ्रेमच्या खालून, पोस्टच्या दांड्याचा नट आहे. त्याची स्प्लिट पिन काढा, नटला आदल्या रात्री पेनेट्रेटिंग ऑइल देऊन ठेवा आणि मगच पाना लावा. नट निघाला की अख्खा पोस्ट स्प्रिंगांसकट वरून बाहेर येतो. अडला तर खालून हातोडा मारू नका, दांड्याचे आटे चेपतात. वरच्या टोकाला आडवा बोल्ट घालून डावी-उजवीकडे फिरवत वर ओढा.

सँडब्लास्टिंग झालंय म्हणालात, तिथे मला दाट शंका आहे. नळीचं तोंड बंद न करता ब्लास्टिंग केलं की बारीक खडी तळाशी साठते, ग्रीसमध्ये मिसळते आणि पोस्ट किसत राहते. पावडरचा थर तोंडाच्या आत उतरला असेल तर तेवढ्यानेही पोस्ट आवळतो. बॅटरी लावून आत बघा. आतली पावडर धारदार स्क्रेपरने काढा, मग लांब दांड्याच्या तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने नळी खालपर्यंत धुवा. खाली पडणारं रॉकेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. त्यावर कण दिसायचे थांबेपर्यंत धुवत राहा.

मग व्हर्नियर घेऊन पोस्ट तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी ९० अंश फिरवून पुन्हा. नळीचं तोंडही तसंच. ०.१ ते ०.२ मिमी मोकळीक ठीक. अर्धा मिमीच्या वर गेली तर पोस्टवर हार्ड क्रोम चढवून ग्राइंड करून घ्या. फ्रेमची नळी बोअर करू नका. पोस्ट पुन्हा बनवता येतो, फ्रेम नाही.

तार_गेज

वरच्या उत्तराशी शंभर टक्के सहमत. आता स्प्रिंगांबद्दल.

पोस्ट सोडवताना दांडा व्हाइसमध्ये धरा आणि स्प्रिंग दाबून ठेवल्याशिवाय वरचा नट पूर्ण सोडू नका. लांब स्टड, दोन जाड प्लेटा आणि दोन नट एवढ्यात कॉम्प्रेसर तयार होतो. दांड्याच्या सरळ रेषेत चेहरा नको.

आत मुख्य स्प्रिंगांखेरीज उसळी झेलणारी वेगळी स्प्रिंग असते. ती तुटलेली किंवा गायब असली की सीट वर येताना टक्कन वाजते. तुमचा आवाज खाली जाताना येतो, तेव्हा दोष मुख्य स्प्रिंगांकडे असणार. पण जुनी स्प्रिंग 'बसते' तेव्हा तिची लांबी घटते, ताठपणा जवळपास तेवढाच राहतो. म्हणून आधी ताठपणा मोजा. घरातला वजनकाटा ड्रिल मशीनच्या टेबलावर ठेवा, स्प्रिंग त्यावर उभी करा आणि स्पिंडलने २० मिमी दाबा. काटा ६० किलो दाखवत असेल तर ताठपणा ३ किलो प्रति मिमी. एकावर एक बसणाऱ्या स्प्रिंगांची बेरीज करायची नाही. दोन सारख्या स्प्रिंगा अशा बसवल्या की एकूण ताठपणा निम्मा होतो.

तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने वाढतो, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. उदाहरणार्थ, बाहेरचा व्यास ३२ मिमीच ठेवून ६ ऐवजी ६.५ मिमी तार घेतली, तर स्प्रिंग जवळपास ४५ टक्के ताठ होते. त्यात २० वेढे असतील तर पूर्ण दाबल्यावरची उंची १० मिमी वाढते. म्हणजे चाल (दबायला मिळणारं अंतर) १० मिमी कमी! वेढ्याला वेढा लवकर भिडतो आणि ठोका उलट जास्त बसू शकतो. ९२ किलोसाठी मी तार तीच ठेवून एक-दोन वेढे कमी करायला सांगेन. ताठपणा वेढ्यांच्या उलट्या प्रमाणात बदलतो, २० चे १८ केले की ११ टक्के वाढतो, आणि दाबायला जागाही मिळते. मात्र मोकळी लांबी मूळचीच ठेवा.

वळवताना आयएस ४४५४ (स्प्रिंगच्या पोलादी तारेचं भारतीय मानक) प्रतीची तार मागा, दोन्ही टोकं बंद करून सपाट ग्राइंड करून घ्या आणि वळवल्यावर २०० ते २५० अंशांवर अर्धा तास ताण काढायला सांगा. हे न केलेली स्प्रिंग लवकर बसते. क्रोम किंवा झिंक प्लेटिंग तर नकोच. आम्लाच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंग काही दिवसांनी अचानक तुटते. ग्रीसमध्ये बुडालेल्या स्प्रिंगेला चकाकी कोण बघतंय?

घाटवाट

स्प्रिंगच्या जागी डिकीचा गॅस स्ट्रट बसवला तर? उसळी पण मरेल.

तार_गेज

नको. गॅस स्ट्रटचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखाच असतो. तुमचं वजन त्या जोरापेक्षा थोडं जास्त भरलं की सीट पूर्ण खाली, थोडं कमी भरलं की पूर्ण वर. मधल्या उंचीवर ती टिकणारच नाही. उसळी मारायची तर पोस्ट नीट सरकेल असा करा आणि ग्रीस जरा घट्ट वापरा. तेवढंच डॅम्पिंग (उसळी शमवण्याची सोय) मूळ रचनेत आहे.

लेथ_आणि_लोखंड

ग्रीसचं सांगतो. सीटच्या नळीवर निपल (ग्रीस गन लावायचं तोंड) आहे, आणि पुढच्या बिजागरीलाही. पुष्कळ गाड्यांत दोन्ही रंगाखाली बुजलेली असतात. कोटिंग झालंय, म्हणजे तुमचीही तपासा. साधं एपी-३ ग्रीस चालतं. दर हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस गनचे दोन-तीन स्ट्रोक पुरेत, पावसाळ्यानंतर एकदा पोस्ट काढून पुसून घ्या. नळी गच्च भरू नका. जुनं ग्रीस तळाशी वाळून पाणी धरतं आणि गंज आतून लागतो.

जोडताना एक काळजी. खालच्या नटचे आटे अमेरिकन, ६० अंशांचे. जुन्या बीएसए-एनफिल्डच्या डब्यातला व्हिटवर्थ नट ५५ अंशांचा असतो. तो दोन आटे चढतो आणि मग जोर लावला की दांड्याचे आटे खातो. हाताने शेवटपर्यंत फिरणाराच नट वापरा आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी घाला.

शेवटी गाडी सरळ उभी धरून सीटची उंची दोनदा मोजा, रिकामी आणि तुम्ही बसल्यावर. एकूण चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी सीट दबली तर जमलं. जास्त दबत असेल तर मुख्य स्प्रिंगखाली ४-५ मिमी जाडीचा वायसर घालून बघा. त्यानेही भागलं नाही तरच नव्या स्प्रिंगा वळवायला टाका.