पोर्ट २५ बंद करायचाय तर करा, पण गिऱ्हाइकाला सांगायला काय जातं?

खटपट्या: ऑफिसला नवीन फायबर घेतलं आणि तेव्हापासून आउटलुकमधून एक मेल बाहेर जाईना. येणारे धडाधड येतायत, आमची बिलं मात्र आउटबॉक्समध्ये तुंबलेली. कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर, राउटर बंद करून चालू करा. तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला तर सगळी बिलं भराभर गेली! मग टेलनेट (सर्व्हरचं एखादं पोर्ट लागतंय का ते बघायची कमांड) करून बघितलं, मेल सर्व्हरच्या २५ नंबर पोर्टवर, म्हणजे मेल पाठवायच्या जुन्या दारावर, 'कनेक्टिंग' म्हणत लटकून राहिलं आणि शेवटी फेल, ५८७ वर लगेच २२० ने सुरू होणारी ओळ आली, म्हणजे सर्व्हर तयार. म्हणजे २५ या इंटरनेट कंपनीनेच बंद ठेवलाय. आउटगोइंगला ५८७, स्टार्ट-टीएलएस (कनेक्शन एनक्रिप्ट करणारं सेटिंग) आणि 'सर्व्हरला लॉगिन लागतं' वाली टिक, झालं काम. पण पैसे मोजून घेतात तर कनेक्शन देताना एक एसएमएस टाकायला काय होतं?

राउटरवाला: एसएमएस वाचतं कोण? २५ उघडा ठेवला की कुणाच्यातरी व्हायरसवाल्या पीसीतून रात्रभर स्पॅम जातो, आणि आता सीजीनॅटमुळे (एकच आयपी पत्ता अनेकांत वाटायची कंपन्यांची पद्धत) कितीतरी घरं एकाच आयपीमागे असतात, त्यामुळे एकाने केलं की सगळे ब्लॅकलिस्टमध्ये. ब्राझीलने २०१२-१३ च्या सुमारास देशभर घरगुती कनेक्शनवर २५ असाच बंद केला. ५८७ तर १९९८ पासून आउटलुकसारख्या प्रोग्रॅममधून मेल पाठवण्यासाठीच ठरलेला आहे, तुमच्या होस्टिंगवाल्याने अजून २५ चं सेटिंग दिलं असेल तर त्याच्याशी भांडा की.

घरचा_सर्व्हर: '५८७ वापरा' हे औषध सगळ्यांना लागू नाही हो. मी घरी स्वतःचा मेल सर्व्हर चालवतो, आणि सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल २५ वरूनच जातो, तिथे ५८७ चा काही उपयोग नाही. २०१८ ला सरकारने नेट न्यूट्रॅलिटी (कंपनीने इंटरनेट वापरात भेदभाव करायचा नाही हे तत्त्व) मान्य केली ना, मग कुठला पोर्ट वापरायचा हे कंपनी कोण ठरवणार?

राउटरवाला: त्यात वाजवी ट्रॅफिक मॅनेजमेंटला सूट आहे, ते पण वाचा. आणि २५ उघडून दिला तरी करणार काय? घरचे डायनॅमिक (बदलते) आयपी बहुतेक स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत, म्हणजे थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या यादीत असतात, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या नावाचं नाही, जीमेल दारातूनच परत पाठवणार. रिले लावा, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरमार्फत मेल पाठवा. अॅमेझॉनची क्लाउड सेवा एडब्ल्यूएससुद्धा २५ बंदच ठेवतं.

घरचा_सर्व्हर: बंद ठेवतं, पण फॉर्म भरून कारण सांगितलं तर उघडून मिळतो. इथे फॉर्मच नाही. स्टॅटिक (कायमचा एकच) आयपी घ्या म्हणतात, त्याचे दरमहा वेगळे पैसे! सुरक्षेच्या नावाखाली धंदा आहे हा निव्वळ.

झेरॉक्सवाली: तुमचं चालू द्या, माझ्या दुकानातल्या जुन्या मशीनला टीएलएसच येत नाही, त्यामुळे ५८७ टाकून पण होस्टिंगवाला घेत नाही आणि स्कॅन टू ईमेल बंद पडलंय, गिऱ्हाईक काउंटरवर उभं. काय करू?

खटपट्या: ताई, होस्टिंगवाल्याला विचारा २५२५ नंबरचा पर्यायी पोर्ट देतो का, काहीजण देतात. पण त्यानेही टीएलएसशिवाय घ्यायला हवं.

राउटरवाला: म्हणजे मेलचा पासवर्ड उघड्यावर जाणार! नका करू. मशीनमधून पीसीच्या फोल्डरमध्ये स्कॅन घ्या आणि तिथून मेल करा.