बेनिनला तांदळाचा पहिला कंटेनर: बीईएससी कुठून काढू? (बजेट १५ हजार)

आमगावचा_धानवाला
नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यात आमची लहान राईस मिल आहे. आजवर माल रायपूर-नागपूरच्या व्यापाऱ्यांना दिला, पुढचं तेच पाहत. यंदा पहिल्यांदा स्वतःच्या आयईसीवर (आयात-निर्यातीचा सरकारी नंबर) उसना (उकडून वाळवलेल्या धानाचा) तांदूळ पाठवून राहिलो. ५० किलोची ५०० पोती, एक वीस फुटी कंटेनर, नागपूरहून रेल्वेनं न्हावा शेवा बंदर आणि तिथून जहाजानं कोटोनू (पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचं बंदर). सौदा सीएफआर, म्हणजे तिथपर्यंतचं जहाजभाडं माझ्याकडं. फायटो (मालात रोग-कीड नसल्याचा दाखला), फ्युमिगेशन (कीडनाशक धुरी), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन हे सगळं समजून घेतलं. काल खरेदीदाराचा मेसेज आला की बीएलवर (जहाज कंपनीची मालाची पावती) बीईएससी (मालाच्या ट्रॅकिंगचा ऑनलाइन कागद) नंबर पाहिजेच. सीएचएला (कस्टम्सचं काम पाहणारा एजंट) विचारलं तर "पाहून घेऊ" म्हणाला. मले त्या "पाहून घेऊ"चीच भीती वाटते. मुंबईच्या एका एजंटानं २८ हजार सांगितले. माझं बजेट १५ हजार आहे, त्याच्यावर जमणार नाही. कंटेनर १२ दिवसांनी भरायचा आहे. कोणी काढला असेल तर सांगा.

वरुडचा_संत्रावाला
भाऊ, मी दहा वर्षांपासून बांगलादेशला संत्रा धाडतो. एका हंगामात चाळीस-चाळीस ट्रक गेले माझे. असा कागद मले कोणीच मागितला नाई. खरेदीदार भाव पाडायले बहाणा करून राहिला. ठाम राहा.

लाखनी_राईस
संत्रावाले भाऊ, तुमचा माल ट्रकनं जाते, हा जहाजाचा विषय आहे. बेनिन, टोगो, आयव्हरी कोस्ट, सेनेगल, कॅमेरून, सगळीकडं हा कागद लागते. कोणी बीएससी म्हणते, कोणी बीईएससी, ही फ्रेंच नावाची अक्षरं आहेत; इंग्रजीत त्यालेच ईसीटीएन म्हणतात. काँगोच्या किन्शासावाल्या बाजूला त्यालेच फेरी म्हणतात. मी कॅमेरूनमधल्या दुआलाला माल पाठवला तेव्हा फॉरवर्डर (मालवाहतुकीचा एजंट) म्हणाला, पोहोचल्यावर काढू. जहाज लागलं, नंबर नाही. दंड बसला तो बसला, वरून कंटेनर १९ दिवस बंदरात उभा, त्याचं भाडं वेगळं. खरेदीदारानं ते सगळं माझ्या पेमेंटमधून कापलं. २८ काय, ४० मागितले तरी द्या आणि मोकळे व्हा.

आमगावचा_धानवाला
दादा, ४० हजार दिले तर या कंटेनरात मले काहीच उरत नाही. १५ मध्येच बसवायचं आहे.

चंद्रपूर_ट्रान्सपोर्ट
कायले पैसे घालवता? शिपिंग लाइनच्या साइटवर कंटेनर नंबर टाका, जहाज कुठं आहे ते फुकट दिसते. मी रोज पाहतो.

लाखनी_राईस
ते वेगळं भाऊ. हे नावालाच ट्रॅकिंग आहे. माल कोणाचा, किती, किती किमतीचा, भाडं किती, हे जहाज पोहोचायच्या आधी तिथल्या सरकारले कळवायचा कागद आहे हा.

आयसीडी_डॉक्युमेंटवाली
मी नागपूरला हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. बेनिनमध्ये हा कागद तिथल्या शिपर्स कौन्सिलच्या (जहाजी माल पाठवणाऱ्या-मागवणाऱ्यांची सरकारी संस्था) अखत्यारीत येतो. माल चढतो त्या बाजूच्या अधिकृत एजंटाकडून ऑनलाइन निघतो. एका बीएलला एक कागद. बीएलचा ड्राफ्ट, कमर्शियल इन्व्हॉइस, भाड्याचं इन्व्हॉइस आणि शिपिंग बिल (कस्टम्सचा निर्यातीचा कागद) एवढंच लागतं.

आता क्रम नीट वाचा, कारण चूक इथंच होते. आधी बीएलचा ड्राफ्ट द्यायचा, त्यावर नंबर मिळतो, तो नंबर बीएलवर आणि मॅनिफेस्टवर (जहाजावरच्या मालाची यादी) छापून घ्यायचा, मग अंतिम बीएल अपलोड करून कागद व्हॅलिडेट (पक्का) करायचा. बीएल आधी फायनल केलं की दुरुस्तीचे पैसे लाइन वेगळे घेते. लोक नंबर मिळाला की सुटलो समजतात आणि व्हॅलिडेट करायचं विसरतात.

भाऊ, त्या एजंटाला २८ हजारांची फोड मागा. त्यात कागदाची मूळ फी किती आणि त्याची मजुरी किती, हे लेखी घ्या.

तुमसर_मिलर
ताईंचं बरोबर. पण या धंद्यात खरा दगा सरकारनं दिला. २०२३ मध्ये उसन्यावर बंदी घातली तेव्हा माझा माल गोदामात पडून राहिला. त्याचं कोण बोलते?

लाखनी_राईस
बंदी पांढऱ्या तांदळावर होती, २० जुलै २०२३ ची. उसन्यावर २५ ऑगस्टला २० टक्के शुल्क लावलं होतं. ते ऑक्टोबर २०२४ मध्ये शून्यावर आलं.

तुमसर_मिलर
शुल्क म्हणा का बंदी म्हणा, माल तर पडूनच होता ना.

अकोला_सोयापेंड
वजनाचं कोणी सांगितलं नाई म्हणून लिहितो. आमच्या पोरानं ट्रॅकिंगच्या फॉर्मात व्हीजीएमचा (भरलेल्या कंटेनरच्या प्रमाणित वजनाचा) आकडा टाकला. व्हीजीएममधी रिकाम्या कंटेनरचं वजनबी येते, सव्वादोन टनाच्या आसपास. बीएलवर मालाचं ग्रॉस (पोत्यासकट वजन) असते. दोन आकडे जुळले नाईत आन् कागद परत आला. तुमच्या ५०० पोत्यांचा तांदूळ २५,००० किलो, त्यात रिकाम्या पोत्याचं वजन धरा. आमचं पोतं ११० ग्रॅमचं, मंजे ५५ किलो वाढले, ग्रॉस २५,०५५. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, सगळीकडं तोच आकडा पाहिजे. एक रिकामं पोतं सोनाराच्या काट्यावर मोजून घ्या, आमी तसंच करतो.

वणी_एक्स्पोर्ट
मी बी हेच म्हणतो, एजंटच धरा, पैशाकडं पाहू नका. आन् खरेदीदाराच्या भरवशावर तर बिलकुल सोडू नका.

आयसीडी_डॉक्युमेंटवाली
एक विचारायचं राहिलं. माल बेनिनमध्येच उतरून खपणार, की पुढं नायजरला जाणार? ट्रान्झिट असेल तर नायजरचा कागद वेगळा असतो. कन्साइनीचा (माल घेणाऱ्याचा) पत्ता नीट पाहा.

आमगावचा_धानवाला
ताई, बरं झालं विचारलं. आजच बोललो, माल कोटोनूतच खपणार आहे, पत्ताही तिथलाच.

सगळ्यांचं वाचलं. एजंटाकडून फोड मागवली, तरी तो २४ च्या खाली येत नाही. म्हणून बीईएससी खरेदीदाराकडूनच काढून घ्यायचं ठरवलं. वणीवाले भाऊ रागावतील. पण हा माणूस दर महिन्याला माल उतरवतो, काढणारा त्याचा ठरलेला आहे आणि ३० टक्के ॲडव्हान्स माझ्या खात्यात आला आहे. फी तो भरणार, मी टनामागं थोडा भाव सोडला, हिशोब १५ च्या आतच बसते. मेलवर लिहून घेतलं की नंबर हाती आल्याशिवाय मी बीएल फायनल करणार नाही आणि व्हॅलिडेट झालेली प्रत मले पाठवायची. बीएलचा ड्राफ्ट उद्या देतो.

अकोलावाले भाऊ, पोतं मोजून आणलं. आमचं ११८ ग्रॅम भरलं. ग्रॉस २५,०५९ लिहून राहिलो.