शाळेत सांकेतिक भाषा शिकवायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

कोल्हापुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी पाचवीच्या वर्गाला शिकवते. यंदा वर्गात एक कर्णबधिर मुलगी आली आहे. चौथीपर्यंत ती कर्णबधिरांच्या निवासी शाळेत होती. ती श्रवणयंत्र वापरते, परंतु मधल्या सुट्टीच्या गोंगाटात त्याचा तिला फारसा उपयोग होत नाही, आणि बाकीच्या मुली लंगडी खेळत असताना ती पायरीवर बसून राहते. शनिवारच्या दप्तराविना तासांत साऱ्या वर्गाला सांकेतिक भाषा शिकवावी, असे माझ्या मनात आहे. त्यासाठी मोबाईलवरील व्हिडिओ पाहून मी एका हाताची मुळाक्षरे शिकले आणि वर्गात दाखवली. तिला मात्र त्यांतले एकही अक्षर ओळखता आले नाही. शिवाय तिच्या आजीचे म्हणणे असे, की हातवाऱ्यांची सवय लागली तर नात आता बोलते तेवढेही बोलायची नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

माझे आईवडील दोघेही कर्णबधिर आहेत, त्यामुळे बोलायच्या आधी मी खुणा शिकलो. ताई, तुम्ही शिकलात ती बहुधा अमेरिकी मुळाक्षरे आहेत. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरे दोन हातांनी दाखवतात: डाव्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या पाच टोकांना उजव्या तर्जनीने क्रमाने स्पर्श केला, की ए, ई, आय, ओ, यू हे स्वर होतात. तरीही मुळाक्षरांपासून सुरुवात करू नका, कारण ती मुख्यतः विशेषनामांसाठी लागतात. मराठी वाक्यातील प्रत्येक शब्दामागे एक खूण ठेवली म्हणजे भाषा झाली, हाही गैरसमज आहे. ‘तू कुठे राहतेस?’ हे वाक्य तिथे ‘तू राहणे कुठे’ असे येते. विभक्तिप्रत्यय नसतात, प्रश्नवाचक खूण शेवटी येते आणि प्रश्नाचा भाव भुवयांत दिसावा लागतो. कोऱ्या चेहऱ्याने केलेल्या खुणा माझ्या आईला एकसुरी वाचनासारख्या वाटतात. नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश विनामूल्य पाहता येतो. 2021 मधील तिसऱ्या आवृत्तीत त्यात 10,000 शब्द झाले. मात्र शब्दकोशातून संभाषण येत नाही. महिन्यातून दोनदा का होईना, एखाद्या कर्णबधिर प्रौढ व्यक्तीला मानधन देऊन वर्गात बोलवा.

दुसरा प्रतिसाद

मी विशेष शिक्षिका आहे. आजींच्या मनातील भीती जुनी आहे. 1880 साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने सांकेतिक भाषेऐवजी केवळ तोंडी पद्धतीने शिकवण्याचा ठराव केला आणि त्यानंतर अनेक देशांतील शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्यास सांगतो, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही या भाषेच्या देशभर प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. आजींना एवढेच सांगा, की वाचासराव बंद होणार नाही आणि खुणा शिकल्याने बोलणे खुंटते, या समजाला आधार नाही. एक साधी गोष्ट मात्र आजच करा: शिकवताना खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, कारण मागून उजेड आला की तिला तुमचा चेहरा काळाच दिसतो. फळ्याकडे तोंड करून बोलणेही टाळा, आणि बाके नालाच्या आकारात मांडता आली तर उत्तम.

तिसरा प्रतिसाद

कल्पना चांगली आहे, पण माझा अनुभव कडू आहे. मुलाच्या शाळेत 23 सप्टेंबरच्या सांकेतिक भाषा दिनासाठी मुलांकडून एक समूहगीत खुणांसह बसवून घेतले, पालकांनी चित्रफिती काढल्या आणि दुसऱ्या दिवसापासून विषय संपला. त्या वर्गातील कर्णबधिर मुलाला मागच्या रांगेत उभे केले होते, हे सांगायलाही संकोच वाटतो. आणखी एक: त्या मुलीला विचारल्याशिवाय वर्गाची शिक्षिका करू नका, तीही तिथे शिकायलाच आली आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. काल तिला वहीत लिहून विचारले, तर तिने मान डोलावली, पण ‘फक्त खेळातले शब्द’ अशी अट घातली. ‘आऊट’ची खूण अर्ध्या वर्गाला आली आहे. बोलण्याच्या ओघात तिने मला एक खूणनावही दिले: नाकावरून घसरणारा चष्मा एका बोटाने वर सरकवणे. आजी फाटकापाशी उभ्या राहून ते पाहत होत्या. त्यांच्याशी सोमवारी बोलणार आहे.