सफाई कामगारांवरचा पेपर, गाईड म्हणतात पहिल्याच स्लाइडवर हातांचा फोटो टाक. टाकू का?

शिकाऊ_समाजशास्त्र

नमस्कार. एमए समाजशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. पुढच्या महिन्यात विद्यापीठात विद्यार्थ्यांची संशोधन परिषद आहे, त्यात माझा पेपर घेतलाय, बोलायला १२ मिनिटं आणि प्रश्नांना ५. विषय आमच्याच कॅम्पसवरच्या कंत्राटी सफाई कामगार बायका. १४ जणींशी बोलले, काहींशी दोन-तीनदा. बहुतेक मुलाखती जिन्याखालच्या खोलीत झाल्या, जिथे मॉप आणि फिनेलचे कॅन ठेवतात, कारण त्यांना बसायला दुसरी जागाच नाही. मी उलट्या बादलीवर बसायचे आणि त्या उभ्याच, कितीही म्हटलं तरी बसायच्या नाहीत कारण सुपरवायझर कधी येईल नेम नाही.

एकीने मला बोटं दाखवली. केमिकलने ठसे इतके झिजलेत की सकाळी हजेरीचं मशीन अंगठा घेतच नाही, पदराला पुसून पुसून चार-पाच वेळा लावायचा आणि तरी नाही लागला तर अर्ध्या दिवसाचा खाडा. सांगताना ती रडली वगैरे नाही, सरळ सांगत होती, मलाच पोटात कालवलं.

आता गाईड म्हणतात हेच पहिल्या स्लाइडवर टाक, हातांचा फोटो आणि खाली तिचं वाक्य, हॉल गप्प होईल. नाव बदललेलंच आहे. फोटो मी तिला विचारूनच काढला होता. पण मला आतून बरं वाटत नाहीये आणि का ते धड सांगताही येत नाहीये. ज्या हॉलमधे मी बोलणार तो त्याच झाडतात. कोणी असं प्रेझेंट केलं असेल तर प्लीज सांगा.

फील्डनोट्स

बरं वाटत नाहीये ते योग्यच आहे. नाव बदललं की ओळख लपली असं आपल्याला शिकवतात ते मोठ्या शहरातल्या हजार लोकांच्या सर्व्हेला ठीक आहे. तुमच्याकडे १४ जणी, एकच कॅम्पस, एकच सुपरवायझर. अंगठा न लागणारी, अमुक वयाची, अमुक बिल्डिंगमधली म्हटलं की त्याला तिसरं वाक्य ऐकायची पण गरज नाही. आणि हात तर चेहऱ्याइतकेच ओळखू येतात, बांगडी, जुना भाजल्याचा डाग, नखं.

अमेरिकेत १९५८ साली व्हिडिच आणि बेन्समन या दोघांचं एका छोट्या गावावरचं पुस्तक आलं. गावाचं नाव बदलून स्प्रिंगडेल केलं होतं, माणसांची नावं बदलली होती, आणि कोणाचीही ओळख उघड होणार नाही असा शब्द गावाला आधी दिलेला होता. गावाने वाचलं आणि प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखू आला. ४ जुलैच्या मिरवणुकीत लोक मुखवटे घालून पुस्तकातली खोटी नावं लावून गाड्यांवर बसले आणि शेवटच्या गाडीत शेणखताच्या ढिगावर वाकलेला व्हिडिचचा पुतळा. त्या गावाकडे निदान मिरवणूक काढायची ताकद होती. तुमच्या बायकांचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही तर त्या काय करणार?

म्हणून फोटो नको. मजला, बिल्डिंग, शिफ्ट काढून टाका, वय चाळिशी-पन्नाशी एवढंच. वाक्य ठेवायचं असेल तर ते नेमकं वाक्य तिला वाचून दाखवा, म्हणावं हे मी माईकवर बोलणार आहे, समोर कोण कोण बसलेलं असेल तेही सांगा, चालेल का. तुमच्याशी बोलायला ती हो म्हणाली होती, स्टेजवर जायला नाही. आणि परिषदेचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणार आहेत का ते आजच विचारून घ्या, हॉलमधले ६० लोक वेगळे आणि कायमची राहणारी लिंक वेगळी.

आकडेमोड

छोटीशी गोष्ट. १४ जणींवर टक्केवारी काढू नका. "६४ टक्के महिलांनी" असं स्लाइडवर आलं की स्टॅट्सवाले तिथेच पकडतात आणि मग ५ मिनिटं त्यातच जातात. "१४ पैकी ९ जणी" म्हणा. सँपल छोटं का असं कोणी विचारलं तर गडबडून जाऊ नका, सांगा की किती जणींना त्रास होतो हे मोजायला मी गेले नव्हते, तो कसा होतो हे बघायला गेले होते, सुपरवायझरच्या वहीत खाडा कसा लागतो ते मला १४ जणींकडून कळलं.

वस्तीतली

मी दुसऱ्या बाजूने सांगते. मी लहान असताना आमच्या वस्तीत विद्यापीठातली मुलं सर्व्हेला यायची. एक ताई माझ्या आईकडे महिनाभर येत होती, आई काम टाकून तिच्याशी बोलायची, बाबा कसे गेले ते सगळं सांगितलं होतं. नंतर ती आलीच नाही. आई कित्येक वर्षं विचारायची, त्या मुलीचं झालं का गं ते पुस्तक? मी स्वतः एमएला गेले तेव्हा मला कळलं की झालं असणार, मार्क पण पडले असणार. आईला राग नव्हता हो, तिला फक्त बघायचं होतं की काय लिहिलंय.

त्यामुळे माझा प्रश्न वेगळाय. हॉल गप्प झाला तर पुढे काय? ईव्ह टक म्हणून अलास्काच्या मूलनिवासी समाजातल्या एक संशोधक आहेत, त्यांनी २००९ मधे एक उघड पत्र लिहिलं होतं की आमच्या समाजांवरचं संशोधन सतत जखमाच दाखवत राहतं, हेतू चांगला असतो की नुकसान दाखवलं की न्याय मिळेल, पण होतं असं की लोक आम्हाला मोडलेलेच समजायला लागतात. ते वाचून मला आईच आठवली. तुमच्या पेपरमधे त्या बायका सोसतात ते आहे, पण त्या काय करतात? अंगठा लागला नाही की बाकीच्या काय करतात? कोणी भांडलंय का? हे नोट्समधे नसेल तर परत जा. एक महिना आहे ना अजून.

जुनी_वही

वस्तीतली यांच्याशी पूर्ण सहमत. एकच भर घालतो. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमधे २५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर पेपर वाचला. बाबासाहेब. अपमान त्यांच्या अंगावरचा होता, पण पेपरमधे त्यांनी काय मांडलं तर जात चालते कशी. जातीबाहेर लग्न न करणं हे तिचं मर्म, आणि ते टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह कसे कामाला येतात ते एकेक जोडून दाखवलं. ऐकणाऱ्याने नुसतं हळहळून उठावं अशी सोयच ठेवली नाही.

तुमच्याकडे ते मशीन आहे. ते कोणी बसवलं, अंगठा नाही लागला तर खाडा लावायचा हे कोणी ठरवलं, दुसरी काही सोय का नाही, कापलेले पैसे कोणाकडे राहतात. १२ पैकी ६ मिनिटं यालाच द्या. लिटरेचर रिव्ह्यू एका मिनिटात उरका, तो पेपरमधे आहेच.

शिकाऊ_समाजशास्त्र

उशिरा लिहितेय, सॉरी. सगळ्यांचं वाचून मंगळवारी परत गेले, माझी वाक्यं प्रिंट काढून. दोघींनी आपलं बोलणं पूर्ण काढायला सांगितलं, काढलं. ज्यांची बोटं झिजलीत त्या म्हणाल्या अंगठ्याचं सांग पण फोटो नको. मग वस्तीतली ताईंनी सांगितलं तसं विचारलं की तुम्ही यावर काही केलं का, तर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. दोनदा अर्ज दिलाय त्यांनी, की मशीन नाही चाललं तर सहीचं रजिस्टर ठेवा. दोन वेळा! माझ्या नोट्समधे एक ओळ नाही. मी म्हटलं आधी का नाही सांगितलं, तर म्हणाल्या तू त्रास काय होतो तेच विचारत होतीस.

आता पहिली स्लाइड रजिस्टरची मागणी आहे. गाईडना सांगितलं, आधी थोडे नाराज होते, मग अर्जाच्या तारखा विचारून घेतल्या आणि म्हणाले हे मधे नको, सुरुवातीलाच ठेव. रेकॉर्डिंग होणार होतं, माझ्या पेपरपुरतं बंद ठेवतील.

एक अडचण होती की अर्जावर पाचच सह्या आहेत, म्हणजे मागणीचं बोलले की त्या पाच जणी ओळखू येणार. तेही त्यांनाच विचारलं. आपसात बराच वेळ बोलल्या, मग ठरलं की "पाच जणींनी अर्ज दिला" असं नाही म्हणायचं, "आमची सगळ्यांची मागणी आहे" असं म्हणायचं. ज्या दोघींनी बोलणं काढायला लावलं त्या पण याला हो म्हणाल्या.

शनिवारी शिफ्ट संपल्यावर त्यांच्यासमोर रिहर्सल आहे. आमच्या वर्गात, खुर्च्यांवर बसून.