ओढणाऱ्याला ‘जाळू नको, तापव’ असं सांगावं का? (चर्चा धागा)

औषधवाला_शहापूर

गांजा चांगला की वाईट, यावर इथे पूर्वी बऱ्याच मारामाऱ्या झाल्यात. त्यात मला पडायचं नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जो ओढतोच आहे आणि आज-उद्या सोडायची चिन्हं नाहीत, त्याला ‘बाबा, निदान जाळू तरी नकोस’ असं सांगावं की नाही?

कुठलंही पान जाळलं की डांबर, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन ही मंडळी येणारच. पान तंबाखूचं असो, गांजाचं असो की आंब्याचं. झुरका ओढताना पेटत्या टोकाचं तापमान 700 अंश सेल्सिअसच्या वर जातं. नशा आणणारं टीएचसी बाहेर पडायला इतकी आग लागतच नाही. सुका गांजा 180 ते 210 अंशांपर्यंत तापवला तरी ते वाफेतून निघतं. ड्राय हर्ब व्हेपोरायझर म्हणतात ते यंत्र एवढंच करतं. आत तेल नाही, फ्लेवर नाही, एक बोटभर भट्टी आणि तिला हीटर. शेवटी राख उरत नाही, वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी चुरा उरतो.

2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत डॉ. डोनाल्ड अब्राम्स यांच्या गटाने 18 जणांवर हे करून पाहिलं. जर्मनीचं ‘व्होल्कॅनो’ यंत्र, तापमान 190 अंश. रक्तातलं टीएचसी साधारण गांजाच्या सिगारेटीइतकंच भरलं, पण श्वासातला कार्बन मोनॉक्साइड खूपच कमी. अठरा माणसं म्हणजे काही फार मोठा आकडा नव्हे, हे मलाही कळतं.

आणि हो, 2019 साली अमेरिकेत व्हेपमुळे (म्हणजे वाफ ओढायच्या यंत्रांमुळे) फुप्फुसं निकामी होऊन माणसं दगावली (फेब्रुवारी 2020 पर्यंत 68), ते प्रकरण कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच लिहितो. त्यात मुख्य संशय होता तो टीएचसी तेलाच्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर. सुका पाला तापवणं ही वेगळी गोष्ट. दोन्हीला लोक व्हेप म्हणतात म्हणून एकाच पोत्यात भरू नका.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे डॉक्टर आणि व्यसनमुक्तीवाले ‘सोडा’ याच्यापुढे एक शब्द बोलत नाहीत. न सोडणारा मग चिलीमच भरत बसतो.

टिळकवाडीचा_वकील

विज्ञान राहू दे बाजूला. गिऱ्हाइकाला तुम्ही एका कायद्यातून सोडवून दोन कायद्यांत अडकवताय.

गांजा ओढताना सापडला तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, 1985, कलम 27: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जवळ एक किलोपर्यंत सापडला तर कलम 20, वर्षभरापर्यंत. हे झालं जुनं. आता 2019 चा ई-सिगारेट बंदी कायदा वाचा. पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, निकोटिन असो वा नसो, व्याख्येत बसतं. न जाळता तापवणारी यंत्रंही त्यात नाव घेऊन घातलीत. आयात, विक्री, जाहिरात, पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा करणंही गुन्हाच. नुसत्या वापराला त्यात शिक्षा नाही, पण ते यंत्र तुमच्या हातात आभाळातून पडलं असं कोर्टात सांगणार का?

मातीची चिलीम जत्रेत उघड्यावर मिळते, तिच्यासाठी कुणाच्या घरावर धाड पडत नाही. हिंडलग्याच्या तुरुंगातल्या पाहुणचारात मात्र चिलीमवाला आणि यंत्रवाला असा फरक नाही.

औषधवाला_शहापूर

वकीलसाहेब, कायदा आंधळा आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत. जास्त घातक साधन उघड्यावर आणि कमी घातक साधनाला लाखाचा दंड! मी यंत्र विकायला बसलो नाही, चर्चा करतोय.

हॉस्टेलवाला_भावा

काका एकदम बरोबर. आमच्यातल्या एकाने गोव्याहून चोर्लामार्गे आणलंय. धूर नाही, वास पण पाच मिनिटांत जातो, वॉर्डन शेजारच्या खोलीत असला तरी पत्ता लागत नाही. खोकला पण नाही. दिवसातून कितीही वेळा चालतं.

खानापूरची_ताई

वर हॉस्टेलवाल्याने लिहिलंय ते धागाकर्त्यांनी परत एकदा वाचावं. ‘वॉर्डनला पत्ता लागत नाही’ आणि ‘दिवसातून कितीही वेळा’. हीच तुमची सुरक्षितता.

माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना गोव्यात हॉटेलात कामाला होता. घरी आला तेव्हा फॅनमधून कुणीतरी आपलं नाव घेतंय म्हणायचा. आईने दृष्ट काढली, मामांनी देवऋषी केला, आणि त्यात पाच-सहा महिने गेले. शेवटी धारवाडला मानसोपचाराला नेलं, आता गोळ्यांवर आहे, बरा आहे. कर्नाटकात राहून कन्नड शिकायचा कंटाळा करणारा पोरगा तिथल्या नर्सशी कन्नडमध्ये बोलायला लागला, एवढाच काय तो फायदा.

त्याच्या छातीचा एक्स-रे काढला होता. छाती ठणठणीत होती. तुम्ही सगळे फुप्फुसावर बोलताय, आमच्या घरात फुप्फुसाने काही झालं नाही.

छातीचा_डॉक्टर

ताईंच्या म्हणण्यात वैद्यकीय वजन आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2017 साली आधीचं सगळं संशोधन चाळून अहवाल काढला. गांजा दीर्घकाळ ओढणाऱ्यांना जुनाट खोकला, कफ, ब्राँकायटिस होतो, याचा पुरावा भक्कम. फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध मात्र दिसला नाही, आणि हे ऐकून लोकांना धक्का बसतो. पण स्किझोफ्रेनिया आणि तसल्या इतर भास-भ्रमाच्या आजारांशी (सायकोसिस) संबंधाचा पुरावाही तितकाच भक्कम होता, जितका वापर जास्त तितका धोका जास्त. तो धोका टीएचसीचा आहे. ते धुरातून गेलं काय नि वाफेतून गेलं काय, मेंदूला फरक पडत नाही.

उलट पडला तर वाईटच पडेल. 2018 साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने 17 जणांना, म्हणजे क्वचित ओढणाऱ्यांना, तेवढाच डोस दोन्ही पद्धतींनी दिला. वाफेतून घेतल्यावर रक्तात टीएचसी जास्त चढलं, घाबरंघुबरं होणं, विसर पडणं, हेही जास्त. जाळताना बराच माल जळून वाया जातो, तापवताना तो वाचतो, असं त्याचं साधं गणित. चिलमीच्या मापाने भट्टी भरणारा नवखा माणूस आडवा होणार.

तरीही मी धागाकर्त्यांना झिडकारत नाही. माझ्याकडे दम्याचा पेशंट येतो, गांजा सोडत नाही, त्याच्याशी मी काय बोलावं? ‘सोड’ म्हटलं की तो पुढच्या वेळी येतच नाही.

निपाणीकर

अहो, तुमच्या चर्चेत तंबाखू कुठाय?

आमच्या वखारीत तंबाखू चाळायला बसणाऱ्या बायका नाकावर पदर घट्ट बांधून बसतात, तरी संध्याकाळी ढास लागते. नुसत्या भुकटीने. इथला माणूस चिलीम भरतो ती कशी, हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. तळहातावर गांजा, त्यात पाण्याचे दोन थेंब, अंगठ्याने मळायचा, बिया-काड्या वेचायच्या, मग त्यात जवळजवळ तेवढाच तंबाखू. चिलमीत खडा, वर माल, खाली ओली छापी, म्हणजे फडकं, गुंडाळलेली. छापी ओली असली की धूर गाळून येतो अशी समजूत. काय गाळतो? छापी पिवळी होते तेवढंच, कार्बन मोनॉक्साइड फडक्याने अडत नाही.

म्हणजे ज्याला तुम्ही गांजेकस म्हणता तो अर्धा तंबाखूवालाच. त्याला रोजची तलफ येते ती गांजाची की तंबाखूची, हे त्यालाही सांगता येत नाही. कॉलेजची पोरं सिगारेट रिकामी करून भरतात, तिथेही तेच. यंत्र-बिंत्र लांबच राहू दे, आधी चिलमीतला तंबाखू काढा. त्याला पैसा पडत नाही आणि वकीलसाहेबांचा कायदाही आडवा येत नाही.

(हे निपाणीकराने लिहावं म्हणजे कमालच. आमच्या गावाची चूल तंबाखूवर पेटते.)

रायबागचा_ऊसवाला

यंत्र काय किमतीला पडतंय? दहा-पंधरा हजार? आमच्यात मजूर शे-दोनशेची पुडी चौघात ओढूलाल्यात वो. तेनी चार्जिंग कुठं लावायचं, पाण्याच्या मोटारीच्या पेटीत? तेबी रात्रीची थ्री फेज आली तर.

आणि पेपरात बघा, उसात चार झाडं सापडली की शेतकरी आत. लागवडीला दहा वर्षांपर्यंत आहे म्हणं. पोरगं यंत्रानं ओढतंय ते ‘हार्म रिडक्शन’, म्हंजे नुकसान कमी करणं, आणि आमचं ते गांजा प्रकरण. बरं हाय की.

कपिलेश्वर_भक्त

साधू-अवधूत शेकडो वर्षं चिलीम ओढत आले. यादगीरकडे तिंथणीच्या मौनेश्वराच्या जत्रेत गांजा प्रसाद म्हणून देतात. त्यांना कुठलं यंत्र लागलं नाही. परंपरेला परदेशी संशोधनाची फूटपट्टी लावू नका.

छातीचा_डॉक्टर

भक्तराज, जत्रेत वर्षातून एकदा प्रसाद घेणारा माझ्याकडे येत नाही. रोज सात-आठ चिलमी ओढणारा येतो. गळ्यात रुद्राक्ष असला तरी स्टेथोस्कोपला तोच आवाज येतो.

टिळकवाडीचा_वकील

आणि परंपरा म्हणून कलम 20 मधून सूट नाही. भांगेचं वेगळं, नुसती पानं कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, शेंडे नसतील तर. पण ते राज्याच्या अबकारी नियमांवर आहे. चिलमीत पानं कुणी भरत नाही.

ऊसवाल्यांचं म्हणणं मला पटलं, हे नोंदवून ठेवतो. हा सगळा धागा पंधरा हजार खर्च करू शकणाऱ्या माणसाबद्दल चाललाय.

औषधवाला_शहापूर

पंधरा हजारवाला माणूसही माणूसच आहे, त्याच्या छातीलाही डांबर लागतं. माझं यंत्राबद्दलचं मत बदललेलं नाही. धूर वाईट आणि वाफ त्याहून कमी वाईट. कायदा आज आडवा आहे म्हणून हे खोटं ठरत नाही.

ताईंना एवढंच म्हणेन, की तुमच्या भावाला कुणी यंत्र घे म्हणावं असं मी कुठेच म्हटलं नाही. मी चाळिशीतल्या, वीस वर्षं ओढणाऱ्या माणसाबद्दल बोलतोय.

खानापूरची_ताई

तुम्ही बोलताय चाळिशीतल्याबद्दल, वाचतोय कोण? वर हॉस्टेलवाला वाचतोय. त्याला तुमच्या पोस्टमधलं 190 अंश तेवढं लक्षात राहील, दुसरं काही नाही.

हॉस्टेलवाला_भावा

ताई मला डोस जास्त चढतो हे माहीत नव्हतं, ते पण लक्षात राहिलं. फॅनचं वाचून जरा टरकली पण.

निपाणीकर

वकीलसाहेब, एक सरळ प्रश्न. औषधवाल्यांनी काउंटरवरून गिऱ्हाइकाला ‘तंबाखू मिसळू नको’ एवढं सांगितलं तर कुठलं कलम लागतं?

टिळकवाडीचा_वकील

कुठलंच नाही. यंत्राचं नाव घेऊन शिफारस केली, चिठ्ठी लिहून दिली, तर जाहिरात म्हणून ओढाताण होऊ शकते. तंबाखू सोड म्हणायला कुणाची हरकत? आणि ज्याला खरंच सोडायचंय त्याला एनडीपीएसचं कलम 64-अ सांगा. थोड्या मालासह किंवा सेवनासाठी पकडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर खटल्यातून सुटका मिळू शकते. उपचार पूर्ण करायला हवा, अर्ध्यात सोडून पळाला तर सूट जाते. पोलीस ठाण्यात हे कुणी आपणहून सांगत नाही.

खानापूरची_ताई

आणि तंबाखूचं सांगायच्या आधी वय विचारा. पंचविशीच्या आतला असेल तर तंबाखू-वाफ काही बोलू नका, सरळ 14446 लिहून द्या, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. घरात कुणाला वेडाचा त्रास आहे का तेही विचारा. आमच्या आत्याला होता. आम्हाला कुणी विचारलं नाही.